देवी गेली, नागीण का जात नाही?

वाचकहो, आपल्या भाषेत रोगांना जी नावे पडली आहेत ती मोठी बोलकी आहेत. आता 'नागीण' हेच नाव घ्या. पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेकडेने पोटाकडे सरकत आलेली ती बारीक फोडांची रांग आणि तिची ती आग, हे ज्याने एकदा पाहिले किंवा सोसले, त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मौजेची गोष्ट अशी, की दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांनी त्वचेवर पसरत जाणाऱ्या फोडांना जे नाव दिले तेही याच अर्थाचे होते. 'हेर्पेस' म्हणजे सरपटत जाणारा. भाषाशास्त्राचे जाणकार सांगतात, की ग्रीकांचा 'हेर्पो' आणि आपल्या संस्कृतातला 'सृप्' हे दोन्ही धातू एकाच मुळातून आलेले आहेत. म्हणजे आपला सर्प आणि त्यांचा हर्पीस हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ खरेच. चरकसंहितेतला 'विसर्प' हाही त्याच धातूचा. अर्थात विसर्पाच्या पोटात पसरत जाणारे अनेक विकार येतात, एकटी नागीण नव्हे.

पण आज मला नावांविषयी फारसे बोलायचे नाही. मला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. देवीचा रोग आपण पृथ्वीच्या पाठीवरून घालवला. भारतात तिचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, नैसर्गिक लागण झालेला जगातला शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियात सापडला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी गेल्याचे जाहीर केले. मग देवीच्या शेजारीच जिचे नाव घेतले जाते त्या कांजिण्यांचे काय? त्यांच्यावरही लस आहे. त्याही माणसाखेरीज दुसऱ्या कोणात मुक्काम करीत नाहीत. तरी त्या का जात नाहीत? आणि कांजिण्यांचा या नागिणीशी संबंध तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली. ते उत्तर शेवटी सापडले ते रोग्याच्या अंगावर नव्हे, तर त्या रोगाच्या विषाणूच्या घडणीत. त्या शोधाची ही हकीगत आहे.

देवी आणि कांजिण्या हे दोन निरनिराळे रोग आहेत, हे लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६७ साली नीट मांडून दाखवले. नागिणीचे कोडे मात्र तसेच राहिले. कांजिण्या एका मुलाला झाल्या की घरातल्या बाकीच्या मुलांना होतात, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. नागिणीचे तसे नाही. साठीच्या माणसाला नागीण होते, तेव्हा त्याच्या घरात, आळीत, ओळखीपाळखीत कोणालाच नागीण झालेली नसते. मग ती आली कुठून?

पहिला धागा शवविच्छेदनाच्या टेबलावर हाती आला. १९०० साली इंग्लंडमध्ये हेन्री हेड आणि कॅम्बेल या दोन डॉक्टरांनी नागिणीच्या रोग्यांचे मृत्यूनंतर परीक्षण करून एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. पाठीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंना मज्जापेशींच्या लहान लहान गाठी असतात. कातडीला झालेला स्पर्श, टोचणी, भाजणे या साऱ्याची वर्दी त्या गाठींमधून पुढे मेंदूकडे जाते. हेड आणि कॅम्बेल यांना असे दिसले, की ज्या पट्ट्यात नागीण उठली होती, त्या पट्ट्याच्या मुळाशी असलेली नेमकी तीच गाठ सुजलेली, बिघडलेली होती. म्हणजे रोग कातडीवर दिसत असला तरी त्याचे मूळ आत, मज्जेत होते.

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. नागिणीच्या तोंडाला तिची शेपटी मिळाली, म्हणजे कमरेभोवती तिचे वेटोळे पुरे झाले, की माणूस दगावतो असे म्हणतात. या समजुतीने किती म्हाताऱ्या माणसांच्या झोपा उडवल्या असतील कोण जाणे! हेड आणि कॅम्बेल यांच्या निबंधात तिचे उत्तर आहे. प्रत्येक गाठीच्या ताब्यात कातडीचा एकच पट्टा असतो, आणि तोही अंगाच्या एकाच बाजूचा. म्हणून ही फोडांची रांग पाठीच्या मध्यावर सुरू होते आणि पोटाच्या मध्यावर येऊन थांबते. वेटोळे सहसा पुरे होतच नाही. तेव्हा ती भीती मनातून काढून टाकावी हेच बरे.

दुसरा धागा बुडापेस्टमध्ये सापडला. यानोश बोकाय नावाच्या बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानात आले, की घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला नागीण झाली, की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या होतात. हे एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल, पण ते पुन्हा पुन्हा घडत होते. त्यांनी हे निरीक्षण १९०९ साली सविस्तर प्रसिद्ध केले. पुढे १९२५ साली व्हिएन्नाच्या कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातले पाणी मुलांना टोचून पाहिले, आणि त्या मुलांना कांजिण्यांसारखे फोड आले. असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि कोणी करूही नये. परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष पक्का होता. नागिणीतून कांजिण्या होतात, नागिणीतून नागीण होत नाही.

तिसरा धागा जुळवला तो अमेरिकेच्या टॉमस वेलर यांनी. पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत, जिवंत पेशींवर वाढवून दाखवल्याबद्दल १९५४ साली ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांतले वेलर हे एक. त्यांनी त्याच रीतीने १९५० नंतरच्या दशकात कांजिण्यांच्या फोडातला आणि नागिणीच्या फोडातला विषाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवला. दोन्ही नळ्यांत पेशींचा बिघाड सारखाच झाला, आणि एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये दुसऱ्यालाही ओळखत होती. विषाणू एकच होता.

आणि आता ज्यांची गोष्ट मला स्वतःला फार आवडते, त्या डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन यांच्याकडे येतो. हे कोणी मोठ्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर नावाच्या लहानशा गावातले ते साधे खाजगी डॉक्टर. त्यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेतीन हजार माणसे होती. या गृहस्थांनी १९४७ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल सोळा वर्षे, आपल्याकडे आलेल्या प्रत्येक नागिणीची नोंद ठेवली. एकूण १९२ रोगी. कोणाला, कोणत्या वयात, अंगाच्या कोणत्या भागावर, गावात तेव्हा कांजिण्यांची साथ होती की नव्हती, हे सारे त्यांनी टिपले. साथीशी नागिणीचा मेळ बसत नव्हता, मात्र वयाशी स्पष्ट बसत होता. वय वाढावे तशी नागीण वाढत होती. यावरून १९६५ साली त्यांनी असे मत मांडले, की बालपणी कांजिण्या बऱ्या झाल्या म्हणजे तो विषाणू शरीराबाहेर जातो असे नव्हे. तो मज्जेच्या गाठींत जाऊन निपचित पडून राहतो, आणि वय, आजारपण यांमुळे शरीराचा पहारा ढिला पडला की चाळीस-पन्नास वर्षांनीही उठून बाहेर येतो. बिऱ्हाडकरू भाडे देत नाही, आवाज करीत नाही, आणि घरही सोडत नाही, तसा हा प्रकार!

असाच दुसरा एक बिऱ्हाडकरू पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तापातून उठल्यावर ओठाच्या कडेला जो बारीक फोडांचा झुपका येतो, तो याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा. त्याला साधा हर्पीस म्हणतात. जर्मनीच्या ग्रूटर यांनी हा विषाणू माणसाच्या डोळ्यातून सशाच्या डोळ्यात नेऊन दाखवला होता. १९२१ साली व्हिएन्नाच्या लिपशुट्झ यांनी लागण झालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा त्यांना पेशीच्या केंद्रात एक परका गोळा दिसला. ही खूण लक्षात ठेवा, कारण तिचे महत्त्व पुढे येणार आहे. देवीचा विषाणू आपला सगळा कारभार पेशीच्या ओसरीवर, म्हणजे केंद्राबाहेर करतो. हर्पीसचा विषाणू मात्र थेट माजघरात शिरतो, जिथे पेशीचे स्वतःचे दप्तर असते तिथे.

१९२९ साली अमेरिकेच्या अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी तर्क केला, की ओठावरचा हा विषाणूही मधल्या काळात चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून राहत असावा. १९३९ साली ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी दाखवले, की याची पहिली लागण बहुधा लहानपणीच होते, आणि पुढे जन्मभर तो माणसाबरोबर राहतो. पण दडलेला विषाणू प्रत्यक्ष पकडायचा कसा? ते १९७१ साली स्टीव्हन्स आणि कुक यांना साधले. त्यांनी उंदरांच्या पायाला लागण केली. उंदीर बरे झाले. त्यांच्या मज्जागाठी काढून वाटून पाहिल्या तर विषाणू मिळेना. मात्र त्याच गाठी न वाटता काही दिवस काचपात्रात जिवंत ठेवल्या, तर त्यांतून विषाणू उगवून आला! म्हणजे तिथे विषाणूचा देह नव्हता, आणि तरीही विषाणू होता. हे कोडे उलगडण्यासाठी त्याची घडण समजून घेणे भाग होते.

तेव्हा आता आपण या विषाणूच्या अंतरंगात शिरू. १९६० साली इंग्लंडमध्ये वाइल्डी, रसेल आणि हॉर्न या तिघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हर्पीस विषाणूची सुरेख छायाचित्रे घेतली आणि त्याच्या कवचाचे घटक मोजले. ते १६२ भरले. कवचाला वीस त्रिकोणी पैलू, आणि सगळी मांडणी रत्नाला पैलू पाडावेत इतकी रेखीव.

हे आकार मनात बसावेत म्हणून आपण कल्पनेने त्या विषाणूला दहा लाख पट मोठा करू. मग तो साधारण झाडावरून उतरवलेल्या नारळाएवढा होईल, आणि नवल असे की त्याची रचनाही बरीचशी नारळासारखीच आहे. सर्वांत बाहेर पातळ साल, म्हणजे स्निग्ध आवरण. हे विषाणूचे स्वतःचे नसते, पेशीतून बाहेर पडताना तो ते पेशीच्याच पडद्यातून उचलून अंगावर ओढतो. पण त्यावर त्याची स्वतःची दहा-बारा प्रकारची प्रथिने रोवलेली असतात, आणि त्या प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. नव्या पेशीचे दार उघडायच्या किल्ल्या त्याच. सालीच्या आत नारळाला जसा काथ्या, तसे येथे प्रथिनांचे भरण. ते केवळ भरताड नव्हे. पेशीत शिरल्याबरोबर कामाला लागणारे हस्तक त्यातच बसलेले असतात. त्याच्या आत करवंटी, म्हणजे ते १६२ घटकांचे कवच. आपल्या मोजमापाने साडेबारा सेंटिमीटर व्यासाचे. करवंटीला जसा एक मऊ डोळा असतो, तसे या कवचाच्या एका कोपऱ्यावर एक दार असते. कवच भरले जाते ते याच दारातून आणि रिकामे होते तेही याच दारातून.

आणि करवंटीत काय असते? डीएनएचा एक अखंड दुपेडी धागा. आपण वाढवलेल्या मापात तो सुतळीसारखा दोन मिलिमीटर जाड आणि सुमारे बावन्न मीटर लांब होईल! एका करवंटीत बावन्न मीटर सुतळी कोंबायची म्हणजे ती किती घट्ट बसवावी लागेल, याची कल्पना करा. तो धागा खरोखरच इतका दाबून भरलेला असतो, की कवचाच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहापटींहून अधिक असतो. पेशीकेंद्राच्या दारापाशी येऊन कवचाचे दार उघडले, की तो दाबच धाग्याला आत ढकलतो. जंतूंना ग्रासणारे जे काही विषाणू आहेत त्यांचीही रीत हीच, आणि त्यांच्या कवचाच्या मुख्य प्रथिनाची घडीसुद्धा याच्यासारखीच. त्यावरून हे घराणे फार पुरातन असावे असे शास्त्रज्ञ मानतात.

या धाग्यावर जीवसृष्टीच्या त्या चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. तो मजकूर अक्षरशः वाचून काढण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात झाले. १९८४ साली केंब्रिजच्या मंडळींनी एप्स्टाइन-बार विषाणूची १,७२,२८२ अक्षरे वाचली. हा याच कुळातला. १९६४ साली एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्याला होणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत तो शोधून काढला होता. १९८६ साली ग्लासगोच्या डेव्हिसन आणि स्कॉट यांनी कांजिण्यांच्या, अर्थात नागिणीच्या, विषाणूची १,२४,८८४ अक्षरे वाचली. १९८८ साली ग्लासगोच्याच मॅकगॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओठावरच्या साध्या हर्पीसची एक लाख बावन्न हजारांवर अक्षरे पुरी केली. १९९० साली सायटोमेगॅलो विषाणूची २,२९,३५४ अक्षरे वाचून झाली. माणसाला जडणारे या कुळातले नऊ विषाणू आज ठाऊक आहेत.

ग्लासगोच्या या दोन वाचनांतून एक गोष्ट लख्ख दिसली. साध्या हर्पीसच्या मजकुरात ग्वानिन आणि सायटोसिन या दोन अक्षरांचे प्रमाण शेकडा ६८, तर नागिणीच्या मजकुरात ते अवघे शेकडा ४६. नुसती अक्षरे पाहिली तर या दोघांचे काही नाते असेल असे कोणी म्हणणार नाही. पण जनुके ओळीने मांडली, की दोघांत जवळजवळ तीच सत्तरेक जनुके, आणि बहुतांशी त्याच क्रमाने! एकाच घरातून निघालेले दोन भाऊ दूरदेशी जाऊन वेगळ्या बोली बोलू लागावेत, पण घरातल्या देव्हाऱ्याची मांडणी दोघांनीही तीच ठेवावी, तसे हे आहे. त्याहून दूरच्या नातलगांतही चाळीसेक जनुके समान निघतात. ती कवच बांधण्याची, डीएनएची नक्कल करण्याची आणि तो कवचात भरण्याची.

आणखी एक गंमत १९७५ साली शिकागोच्या बर्नार्ड रॉइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकलली होती. साध्या हर्पीसचा धागा दोन तुकड्यांचा असतो, एक लांब, एक आखूड. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकच मजकूर उलटसुलट लिहिलेला असतो. त्यामुळे आगगाडीचे दोन भाग सुलटे-उलटे कसेही जोडावेत, तसा हा धागा चार तऱ्हांनी जुळतो. आणि एका रोग्यातून घेतलेल्या विषाणूंत त्या चारही तऱ्हा सारख्याच प्रमाणात सापडतात. नागिणीच्या विषाणूत मात्र बहुतेक करून आखूड भागच उलटतो, म्हणून तेथे मुख्यत्वे दोन तऱ्हा.

डीएनएच्या अभ्यासाने होप-सिम्प्सन यांच्या तर्कावरही शिक्कामोर्तब झाले. डीएनए ठरावीक जागी कापणारी काही प्रथिने आहेत. त्या कात्रीने कापले, की प्रत्येक विषाणूच्या तुकड्यांचा नमुना हाताच्या ठशासारखा वेगळा पडतो. १९८४ साली अमेरिकेत स्ट्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच रोग्याच्या आधी झालेल्या कांजिण्यांतला आणि पुढे झालेल्या नागिणीतला विषाणू असा ताडून पाहिला. दोन्ही ठसे तंतोतंत जुळले. बाहेरून कोणी आलेले नव्हते. घरातलाच उठला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा बिऱ्हाडकरू निघत का नाही? याचे उत्तर त्याच्या जनुकांच्या शिस्तीत आहे. त्याची जनुके एकदम बोलत नाहीत, तीन टप्प्यांत बोलतात. हे रॉइझमन आणि हॉनेस यांनी १९७४ साली दाखवले. पहिल्या टप्प्यातली जनुके हुकूम सोडतात, दुसऱ्यातली डीएनएच्या नकला काढतात, तिसऱ्यातली कवच आणि आवरणाची प्रथिने बनवतात. कातडीच्या पेशीत हे तिन्ही टप्पे पुरे होतात, पेशी मरते, फोड येतो. मज्जापेशीत मात्र पहिलाच हुकूम सुटत नाही. धाग्याची दोन टोके जुळून त्याचे कडे बनते, पेशीच्याच प्रथिनांभोवती ते गुंडाळले जाते, आणि केंद्रात मूग गिळून बसते. साध्या हर्पीसच्या अशा मौनात एकच भाग तेवढा पुटपुटत असतो असे १९८७ साली स्टीव्हन्स यांच्या गटाने दाखवले. नागिणीच्या विषाणूतला तसा भाग २०१८ साली उजेडात आला.

प्रथिन नाही म्हणजे खूण नाही, आणि खूण नाही म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना संशय घ्यायला जागा नाही. त्यातून मज्जापेशी माणसाबरोबर जन्मभर टिकणाऱ्या, त्यामुळे त्या कड्याला नकला काढण्याचीही गरज पडत नाही. स्टीव्हन्स आणि कुक यांच्या वाटलेल्या गाठीत विषाणू का मिळाला नाही, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. तेथे नारळ नव्हताच, नुसती सुतळी होती. याच कुळातला एक, सहाव्या क्रमांकाचा, याहूनही पुढे जातो. तो कधी कधी माणसाच्या गुणसूत्राच्या टोकालाच चिकटतो, आणि मग आईबापांकडून मुलांकडे वारशाने उतरतो. शंभरांत एखाद्या माणसाच्या प्रत्येक पेशीत तो असा असतो.

ही सारी चिकित्सा पंडितांच्या करमणुकीची आहे असे मात्र समजू नका. हाच हर्पीस क्वचित मेंदूत शिरतो, आणि तेव्हा उपचार न मिळाल्यास दहांतले सातजण दगावतात. प्रसूतीच्या वेळी आईकडून तो बाळाला लागला, तर बाळाच्या जिवावर बेतते. अशा वेळी हाताशी औषध आले ते विषाणूच्या एका प्रथिनाच्या वाटेने. १९६३ साली किट आणि डब्स यांना आढळले, की या विषाणूजवळ थायमिडीन कायनेज नावाचे स्वतःचे एक प्रथिन आहे. पेशीजवळही त्या कामाचे प्रथिन असते, पण विषाणूचे जरा कमी चोखंदळ. अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ढिलाईचा फायदा घेतला. स्त्री म्हणून ज्यांना तरुणपणी प्रयोगशाळांची दारे बंद होती, त्याच या बाई. असायक्लोव्हिर हे औषध डीएनएच्या एका अक्षरासारखे दिसते, पण त्याला पुढचे अक्षर जोडण्याची कडीच नाही. विषाणूचे प्रथिन फसून त्याला कामाला जुंपते, ते धाग्यात ओवले जाते, आणि धागा तिथेच तुटतो. निरोगी पेशीचे प्रथिन त्याला हातही लावत नाही, त्यामुळे तिला फारशी इजा पोचत नाही. १९७७ साली हे प्रसिद्ध झाले, आणि १९८८ साली एलियन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मेंदूच्या हर्पीसमधून आज जी माणसे वाचतात, ती या औषधामुळे.

पण याच यशात त्याची मर्यादाही आहे. औषध चालते ते विषाणूचे प्रथिन कामावर असेल तर. मौनात बसलेल्या कड्याजवळ ते प्रथिनच नाही, मग औषध फसवणार कोणाला? म्हणून उठलेली नागीण औषधाने लवकर आवरते, पण दडलेली निघत नाही. आणि म्हणूनच कांजिण्या देवीच्या वाटेने जात नाहीत. देवीचा रोगी एकदा बरा झाला, की त्याच्या शरीरात विषाणू उरत नसे. त्यामुळे लस टोचून साखळी एका ठिकाणी तोडली की ती कायमची तुटली. कांजिण्यांची साखळी आज एखाद्या गावात पूर्ण तोडली, तरी तिथल्या आजोबांच्या मज्जागाठीत तिची एक कडी शाबूत असते. वीस वर्षांनी आजोबांना नागीण उठली, की नातवाला कांजिण्या झाल्याच.

मग आपण हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. ओसाकाच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली कांजिण्यांचा विषाणू दुबळा करून लस तयार केली. ती लहान मुलांना मोठ्या दुखण्यातून वाचवते. आता तो दुबळा विषाणूही गाठींत मुक्काम करतो हे खरे, पण तो उठण्याचे प्रमाण बरेच कमी. नागिणीसाठी त्याहून नेमकी लस निघाली ती विषाणूच्या रचनेवरूनच. त्याच्या सालीवरच्या किल्ल्यांपैकी एकच प्रथिन वेगळे बनवून टोचले, की शरीराचा पहारा पुन्हा जागा होतो. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ही लस पन्नाशीपुढच्या दहांतल्या नऊंहून अधिक माणसांत नागीण थोपवते असे चाचण्यांत दिसले. ती आता आपल्याकडेही मिळते.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर एका बाजूला आग होऊन फोडांची रांग उठू लागली, तर लेप लावून, उतारे काढून दिवस घालवू नका. औषधाचा खरा उपयोग पहिल्या तीन दिवसांत होतो. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर डोळ्याला धोका असतो, तेव्हा तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फोड वाळेपर्यंत तान्ही मुले आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बायका यांना जरा लांब ठेवावे. आणि हर्पीस हे नाव ऐकून कोणाकडे संशयाने पाहू नये. त्याचा एक प्रकार गुप्तांगांवर येतो हे खरे, पण ओठावरच्या पहिल्या प्रकाराची लागण पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी माणसांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. पुष्कळांना तो आईच्या किंवा आजीच्या पाप्यातून मिळालेला असतो.

देवीला आपण घालवू शकलो, कारण तिला लपायला जागा नव्हती. याला ती आहे, आणि ती आपल्याच मज्जेत आहे. ते मौनातले कडे पेशीला न दुखावता कापता येईल काय, याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. त्यांना यश येईल तेव्हा येईल. तोवर हा बिऱ्हाडकरू कोणत्या खोलीत राहतो, केव्हा उठतो आणि कशाने गप्प बसतो, एवढे आपल्याला कळलेले आहे, आणि जे कळले आहे ते वेळेवर वापरणे आपल्या हातात आहे.